वेल्समधली ओसाड घरं, खाणवस्त्या आणि प्रार्थनाघरं: शोधण्यापासून नोंद करण्यापर्यंत

वेल्सच्या डोंगराळ भागात गाडीतून तासभर फिरलात, तरी छप्पर गेलेलं एखादं घर, दारांना फळ्या ठोकलेलं प्रार्थनाघर किंवा उतारावर एकटीच उभी असलेली धुरांडी दिसल्याशिवाय राहत नाही. गाडी थांबवावी, कुंपण ओलांडावं आणि आत शिरावं, असा मोह होतो. तो आवरा. या सफरीचं निम्मं काम घरी बसून, नकाशा आणि जुनी कागदपत्रं समोर ठेवून करायचं असतं. ते केलं की बहुतेक चांगल्या जागा राजरोस पायवाटेनं गाठता येतात. शिवाय तिथे पोचल्यावर कोण राहत होतं, काय काम करत होतं आणि का निघून गेलं, हे भिंतीच सांगू लागतात. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या किंवा तिकडे सुट्टीला जाणाऱ्या मराठी भटक्यांसाठी हा लेख आहे.

एक सूचना आधीच देतो. वेल्श नावं इथे साधारण उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. नकाशावर त्यांचं स्पेलिंग बरंच वेगळं दिसेल, म्हणून शोध जवळच्या मोठ्या गावापासून सुरू करा.

आधी हे समजून घ्या: घरं रिकामी का झाली?

उत्तरेकडच्या ग्विनेडमध्ये स्लेटच्या, म्हणजे पाटीच्या दगडाच्या खाणी होत्या. एकोणिसाव्या शतकात त्यांनी अर्ध्या जगाची छपरं शाकारली आणि विसाव्यात त्यातल्या बहुतेक एकेक करून बंद पडल्या. लानबेरिसची प्रचंड दिनॉर्विक खाण 1969मध्ये थांबली. मध्य वेल्समध्ये शिशाच्या खाणी होत्या, त्यांचे भाव कोसळले. प्रस्थापित चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथांनी गावोगावी बांधलेली प्रार्थनाघरं माणसांअभावी बंद झाली. जमीनदारांच्या हवेल्या वारसा-कर आणि देखभालीच्या खर्चापुढे टिकल्या नाहीत.

काही घरं मात्र माणसांना उठवून रिकामी केली गेली. 1940मध्ये युद्धखात्यानं एपिन्टच्या डोंगरावरची 54 घरं सैन्याच्या सरावासाठी ताब्यात घेतली आणि सुमारे 220 माणसं बाहेर काढली. ती परत आलीच नाहीत. आजही तो लष्करी सरावाचा मुलूख आहे. 1965मध्ये लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी त्रवेरिन खोऱ्यातलं कापेल केलिन हे गाव शाळा, प्रार्थनाघर आणि दफनभूमीसकट धरणाखाली गेलं. अॅबरिस्टविथच्या दक्षिणेला, लानरिस्टिदजवळ ए487 रस्त्याकडेला एका पडक्या घराची भिंत आहे. तिच्यावर लाल रंगावर पांढऱ्यानं लिहिलेली ‘कोविउख द्रवेरिन’, म्हणजे ‘त्रवेरिन खोरं लक्षात ठेवा’, ही अक्षरं याच गावाची आठवण आहेत. म्हणून पडक्या घरापुढे उभं राहून ‘किती रम्य!’ असं गावातल्या माणसाजवळ म्हणण्याआधी विचार करा. त्याच्या आजीचं घर असू शकतं ते.

पायरी 1: जागा शोधा

चार गोष्टी फुकट मिळतात आणि त्या पुरेशा आहेत.

पहिली कोवलाइन. वेल्सच्या प्राचीन व ऐतिहासिक वास्तूंच्या रॉयल कमिशनची ही ऑनलाइन सूची आहे. हे कमिशन 1908मध्ये स्थापन झालं आणि त्याचं कार्यालय अॅबरिस्टविथला आहे. गावाचं नाव टाकलं की आसपासची नोंद झालेली घरं, गिरण्या, खाणी आणि प्रार्थनाघरं त्यांच्या क्रमांकांसह दिसतात. बऱ्याच ठिकाणी जुने फोटोही असतात. दुसरी आर्खविलियो, म्हणजे प्रादेशिक पुरातत्त्व नोंदींचं संकेतस्थळ. या नोंदी सांभाळणाऱ्या चार संस्था 2024मध्ये एकत्र येऊन ‘हेनेब’ ही एक संस्था झाली आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचे जुने नकाशे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे सहा इंची (मैलाला सहा इंच या प्रमाणाचे) नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आहेत आणि त्यांत वेल्सही आहे. तिथे जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर अंथरून पारदर्शकता कमीजास्त करता येते. जुन्यावर घर आणि नव्यावर झाडांचा पुंजका दिसला, की तिथे काहीतरी उभं असण्याची शक्यता आहे, हे समजायचं. माझ्या मते संपूर्ण तयारीतला हा सगळ्यात आनंदाचा भाग आहे. यात एक संध्याकाळ गेली तरी वाईट वाटून घेऊ नका.

चौथी वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे 1840च्या आसपासचे टाइथ नकाशे. चर्चला द्यायच्या दशांश करासाठी प्रत्येक शेताची मोजणी झाली होती. त्यामुळे शेताचं नाव, मालक आणि कसणारा, सगळं मिळतं. याच ग्रंथालयाच्या जुन्या वर्तमानपत्रांच्या संग्रहात 1919पर्यंतचे अंक शोधता येतात. घराचं किंवा प्रार्थनाघराचं नाव टाकून पाहा. लिलावाची जाहिरात, अपघात, गाण्याची स्पर्धा, काहीही हाती लागतं.

नकाशा वाचताना काही वेल्श शब्द उपयोगी पडतात. ‘ख्वारेल’ म्हणजे दगडाची खाण, ‘मेलिन’ म्हणजे गिरणी, ‘कापेल’ प्रार्थनाघर, ‘प्लास’ मोठी हवेली, ‘हावोद’ उन्हाळ्यात गुरं वर नेल्यावर राहायचं घर आणि ‘मिर्दिन’ म्हणजे पडीक वास्तू.

पायरी 2: जायचा हक्क आहे का, ते तपासा

ऑर्डनन्स सर्व्हेचा 1:25,000 प्रमाणाचा एक्सप्लोरर नकाशा घ्या. त्यावर हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक पायवाटा. फिकट पिवळसर रंगाचा भाग म्हणजे 2000च्या कायद्यानं सर्वांना पायी फिरायला खुली झालेली जमीन. या कायद्याची मर्यादा लक्षात ठेवा: मोकळ्या डोंगरावर फिरायचा हक्क मिळाला म्हणून त्यावरच्या इमारतीत शिरायचा हक्क मिळत नाही. राहत्या घराच्या 20 मीटर आतली जमीनही या हक्कात येत नाही.

परवानगीशिवाय खासगी जागेत शिरणं इंग्लंड आणि वेल्समध्ये सहसा दिवाणी बाब असते. पण कुलूप तोडलं, फळी उचकटली, काही उचललं, तर मामला फौजदारी होतो. रेल्वेच्या हद्दीत आणि काही संरक्षित ठिकाणी तर नुसता प्रवेशही गुन्हा आहे. मालकानं ‘निघा’ म्हटलं की वाद न घालता, आलात त्या वाटेनं निघायचं. एपिन्टवर तर कुठल्याही कारणानं हद्दीत शिरू नका. जमिनीत न फुटलेला दारूगोळा आहे. सरावक्षेत्राच्या कडेनं ‘एपिन्ट वे’ ही आखलेली वाट जाते, ती घ्या.

वाटेपासून दूरचं घर पाहायचंच असेल, तर जवळच्या शेतावर जाऊन विचारा. दुपारच्या सुमारास जा आणि गाडी फाटक अडवून लावू नका. ग्विनेड आणि केरेडिगियनमध्ये बरेच शेतकरी घरात वेल्शच बोलतात. सुरुवातीला ‘बोरे दा’ (सुप्रभात) किंवा ‘प्रनाउन दा’ (दुपारचा नमस्कार) आणि शेवटी ‘दिओल्ख’ (आभार) एवढं म्हणालात तरी बोलणं मोकळं होतं. त्या घराविषयी काय वाचून आलात तेही सांगा. जुन्या शेताचं नाव परक्या माणसाच्या तोंडून ऐकल्यावर ‘तिथे माझे आजोबा जन्मले’ असं उत्तर येण्याची शक्यता बरीच असते. फाटकं उघडी असतील तर उघडी आणि बंद असतील तर बंद ठेवून पुढे जा. मार्च-एप्रिलमध्ये मेंढ्या विणीला आलेल्या असतात, त्यांच्यापासून लांबून जा.

काही वास्तू मनातून काढूनच टाका. डेन्बीचं 1848मध्ये सुरू झालेलं आणि 1995मध्ये बंद पडलेलं मनोरुग्णालय इंटरनेटवरच्या फोटोंमुळे फार गाजलं आहे. त्याला आगी लागल्या आहेत, मजले खचले आहेत. लानगर्निउजवळची हावोदिनोस ही जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनं आराखडा केलेली हवेली 2004मध्ये जाळपोळीत बेचिराख झाली. ओसाड वास्तूंचा ठावठिकाणा जाहीर झाला की कशी माणसं तिथे पोचतात, हे कळायला एवढं एक उदाहरण पुरे.

पायरी 3: मोसम आणि सामान

उन्हाळ्यात डोंगर ब्रॅकन या नेच्यानं कमरेपर्यंत झाकले जातात. भिंती दिसत नाहीत, खड्डे तर नाहीतच, आणि नेच्यात गोचिड्या असतात. त्यांच्या चाव्यातून लाइम हा आजार होऊ शकतो. एप्रिल ते मेचा मध्य हा काळ मला सर्वांत चांगला वाटतो: जुना नेचा आडवा पडलेला, नवा अजून उगवायचा आणि दिवसही लांब. फेब्रुवारीतल्या तिरप्या उन्हात जुने बांध आणि पाये स्पष्ट उमटतात, मात्र प्रकाश लवकर संपतो. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो.

सामान साधंच लागतं: घोट्यापर्यंतचे जाड तळव्याचे बूट, पावसाळी कोट आणि विजार, उबदार जादा थर, डोक्याला लावायचा दिवा, शिट्टी, कागदी नकाशा आणि होकायंत्र. दऱ्यांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून कागदी नकाशा टाळू नका. सह्याद्रीत पावसाळ्यात चढलेल्यांना ओल्या कातळाची सवय असते; पण ओली स्लेट त्याहून वाईट. सपाट, गुळगुळीत आणि पायाखाली सरकणारी. स्लेटच्या ढिगाऱ्यांवर चढूच नका.

एकट्यानं जाऊ नका, आणि कुठे जाताय व किती वाजता परत येणार, ते कुणाला तरी सांगून ठेवा. अडचण आली तर 999 लावा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. आवाज पोचण्याइतकी रेंज नसते तिथेही कधी कधी एसएमएस जातो. त्यासाठी निघण्यापूर्वी 999 ला ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत पाठवून नोंदणी करून घ्या. शिट्टीचा संकेत मिनिटात सहा फुंका, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा.

पायरी 4: पहिली सफर कुमोर्थिनची करा

एकच जागा सुचवायची तर मी ब्लायनाय फेस्टिनिओगजवळचं कुमोर्थिन सुचवेन. 2021मध्ये युनेस्कोनं वायव्य वेल्सच्या स्लेट-प्रदेशाला जागतिक वारसा जाहीर केलं, त्यात फेस्टिनिओगच्या खाणींचा परिसर आहे. लानडिडनो जंक्शनहून कॉनवी खोऱ्याच्या रेल्वेनं ब्लायनायपर्यंत येता येतं. तिथून शेजारच्या तानग्रिशाय गावात या. गावाच्या वरच्या अंगाला वाट सुरू होते आणि ओढ्याच्या कडेनं जुन्या ट्रामरस्त्यानं चढत तळ्यापाशी पोचते. प्रार्थनाघरापर्यंत साधारण दोन किलोमीटर होतात.

वाटेच्या कडेला उभ्या स्लेटचं कुंपण दिसेल. पातळ, उंच फरश्या जमिनीत रोवून वरच्या टोकाला तारेनं एकमेकींना बांधलेल्या असतात. याला ‘क्रावियाय’ म्हणतात. लाकूड महाग आणि स्लेट फुकट, अशा जागी माणूस काय करतो ते इथे पाहा. पुढे कामगारांच्या घरांची पडकी रांग येते. जरा थांबून दारं मोजा, चुली मोजा, खोलीची रुंदी पावलांनी मोजा. एवढ्याशा खोलीत अख्खं कुटुंब राहत होतं.

तळ्याच्या पलीकडे, दरीच्या वरच्या टोकाला रोसिदचं प्रार्थनाघर आहे, 1867मध्ये बांधलेलं. आज वर छप्पर नाही, आत गवत आहे, पण भिंती आणि उंच खिडक्यांच्या चौकटी उभ्या आहेत. आत जाऊन खिडकीच्या आतल्या बाजूचे दगड पाहा. बाहेरचे ओबडधोबड, आतले तिरपे घडवलेले, कारण दरीतला थोडा उजेड जास्तीत जास्त आत खेचायचा होता. आठवड्यातले सहा दिवस जमिनीखाली मेणबत्तीच्या उजेडात काम करणाऱ्यांनी बांधलेली ही इमारत आहे, हे लक्षात घेऊन त्या खिडक्या पाहा.

अंगात दम आणि हाती वेळ असेल, तर पुढच्या चढानं रोसिद खाणीपर्यंत जा. दूरच्या गावांतले कामगार सोमवारी येऊन शनिवारपर्यंत इथल्या बराकीत राहत. 1900मध्ये या खाणीत आतले कक्ष मोठ्या प्रमाणावर कोसळले आणि 1930मध्ये काम थांबलं. इथे बोगद्याची तोंडं उघडी दिसतील. बाहेर उभं राहून पाहा, गार हवेचा झोत अंगावर घ्या आणि मागे फिरा. आत कोसळलेलं छत, पाण्यानं भरलेले उभे खड्डे आणि प्राणवायू कमी असलेली हवा असू शकते. जमिनीखालचं जग पाहायचं असेल, तर याच भागात वाटाड्यासह खाणी दाखवणाऱ्या सहली निघतात.

पायरी 5: भिंत वाचायला शिका

भिंतीत एका ओळीत चौकोनी भोकं दिसली, तर तिथे मजल्याच्या तुळया बसवल्या होत्या. चुलीवरचा मोठा आडवा दगड काळवंडलेला असेल तर ते स्वयंपाकघर. गिरणीत भिंतीवर अर्धगोल ओरखडे असतील, तर तिथे पाणचक्की फिरत होती. हे उत्तम दिसतं ते पोर्थमॅडॉगजवळच्या अनिसपांडीत. 1855 ते 1857 दरम्यान बांधलेली ही तीन मजली स्लेटगिरणी एखाद्या मठासारखी दिसते. तिच्या पोटात 26 फूट व्यासाचं चाक होतं. पण ज्या गोर्सेदाय खाणीसाठी ती बांधली, तिथे चांगला दगडच निघाला नाही आणि थोड्याच वर्षांत सगळं बंद पडलं. पुढे याच रिकाम्या गिरणीत आइस्तेधवोद, म्हणजे काव्य-संगीताच्या स्पर्धा भरल्या.

घर पार जमीनदोस्त झालं असेल, तर झाडं पाहा. माळरानावर एकटं उभं असलेलं सिकॅमोर बहुधा घराला वाऱ्याचा आडोसा म्हणून लावलेलं असतं. गूजबेरीची झुडपं म्हणजे परसबाग. अंगाची आग करणारी नेटलची दाटी असेल, तर तिथे गुरं आणि माणसं दीर्घकाळ राहिली, कारण त्यांच्यामुळे जमिनीत वाढलेलं फॉस्फेट या वनस्पतीला मानवतं.

छपराची अखंड स्लेट दिसली तर ती मोजून पाहा. स्लेटच्या मापांना उमराव स्त्रियांच्या पदव्या होत्या: 24 बाय 12 इंची ती ‘डचेस’, 20 बाय 10 ती ‘काउंटेस’, 16 बाय 8 ती ‘लेडी’. मोजून झालं की होती तिथेच ठेवा. संरक्षित स्मारकाला इजा करणं आणि परवानगीशिवाय तिथे धातुशोधक वापरणं गुन्हा आहे. संरक्षण नसलेल्या जागेवरूनही काही उचलू नका. एकेक स्लेट आणि खिळा गेला की पुढच्याला वाचायला काही उरत नाही.

पायरी 6: धोका कुठे असतो

पूर्ण छप्पर गेलेली इमारत त्यातल्या त्यात बरी. अर्धं छप्पर लटकत असलेली सगळ्यात घातक. नियम साधे आहेत. वरच्या मजल्यावर जायचं नाही, तळघरात उतरायचं नाही, जिन्यावर पाय ठेवायचा नाही. लाकडी तळमजल्याखालीही पोकळी असते. गोठण आणि वितळण झाल्यानंतर, मोठ्या पावसानंतर किंवा सोसाट्याचा वारा असताना भिंतीखाली उभं राहू नका; माथ्यावरचे दगड अशाच वेळी सुटतात. खिडकीत बसून फोटो काढणं तर कधीच नको.

विसाव्या शतकात वापरात राहिलेल्या इमारतींत अॅस्बेस्टॉस असू शकतो: नालीदार सिमेंटचे पत्रे, पाइपांभोवतीचं वेष्टण. फुटलेलं दिसलं तर त्याला हात लावू नका, तिथून बाहेर पडा. कुमस्टविथसारख्या शिशाच्या खाणीत मातीच विषारी असते, झाडंसुद्धा धड उगवत नाहीत. तिथे जमिनीवर बसून डबा खाऊ नका, हात धुतल्याशिवाय काही तोंडात घालू नका, लहान मुलांना मातीत खेळू देऊ नका. बूट घरी आल्यावर बाहेरच धुवा.

पायरी 7: आत कुणी राहत असेल तर

माणसं गेली तरी वटवाघळं आलेली असतात. लेसर हॉर्सशू जातीच्या वटवाघळांचा वेल्स हा महत्त्वाचा आसरा आहे. उन्हाळ्यात ती जुन्या इमारतींत पिल्लं वाढवतात आणि हिवाळ्यात बोगद्यांत निद्रा घेतात. त्यांना त्रास देणं गुन्हा आहे. थंडीत जागं झालेलं वटवाघूळ साठवलेली चरबी वाया घालवतं आणि वसंतापर्यंत टिकेलच असं नाही. उंदराच्या लेंडीसारखी, पण बोटांत चुरली जाणारी विष्ठा दिसली, किंवा कोठारातल्या घुबडानं ओकलेल्या हाडा-केसांच्या गुटल्या दिसल्या, तर दिवा विझवून हळूच बाहेर या. घुबडाच्या घरट्याला त्रास देण्यावरही कायद्याची बंदी आहे.

मुलांना घेऊन जायचं असेल तर

कादू ही वेल्स सरकारची संस्था अनेक पडके किल्ले आणि मठ सांभाळते आणि त्यातली बरीच ठिकाणं विनामूल्य आहेत. लानिडलोसजवळची ब्रिनटेल शिशाखाणही तिच्याकडेच आहे. वापरातून गेलेली चर्च सांभाळणारी ‘फ्रेंड्स ऑफ फ्रेंडलेस चर्चेस’ ही 1957मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. लानव्रोथेनचं सेंट ब्रोथेन चर्च तिच्याकडे आहे. एका वृद्ध खाणकामगाराला इथे लेकीशेजारी, आपल्या पंथाच्या विधीनं दफन व्हायचं होतं. चर्चच्या धर्मगुरूनं नकार दिला. कुटुंबाची बाजू एका तरुण वकिलानं लढवली आणि 1888मध्ये अपिलात जिंकली. तो वकील डेव्हिड लॉइड जॉर्ज, पुढे ब्रिटनचा पंतप्रधान.

ओसाड वस्ती पुन्हा कशी नांदते, हे पाहायला लीन द्वीपकल्पातल्या नान्त गुर्थेर्नला जा. तिथल्या खाणगावातलं शेवटचं कुटुंब 1959मध्ये गेलं. 1978मध्ये डॉक्टर कार्ल क्लोज यांच्या पुढाकारानं स्थापन झालेल्या न्यासानं ते गाव विकत घेतलं आणि आज तिथे वेल्श भाषा शिकवली जाते. अबरगेलेचा ग्रीख किल्लाही 2018पासून संवर्धन न्यासाकडे आहे. तिकीट काढून आत जाता येतं आणि तुमचे पैसे दुरुस्तीला लागतात.

परत आल्यावर

फोटो समाजमाध्यमांवर टाकताना स्थळाची माहिती काढून टाका, विशेषतः वास्तू खासगी आणि बिनराखणीची असेल तर. पण नोंद मात्र जरूर करा. चारही बाजूंचे फोटो, चूल आणि खिडक्यांचे जवळून फोटो, तारीख, नकाशावरचा ग्रिड क्रमांक, एवढं पुरे. कोवलाइनवर असलेल्या जुन्या फोटोशी तुलना करा. कुठली भिंत अलीकडे पडली आहे, ते लक्षात येईल. ‘पीपल्स कलेक्शन वेल्स’ या संकेतस्थळावर कुणालाही फोटो आणि आठवणी जमा करता येतात. धातुशोधकानं खणल्याच्या खुणा, दगड किंवा स्लेट चोरल्याच्या खुणा दिसल्या, तर पोलिसांना 101 वर आणि स्मारक संरक्षित असेल तर कादूलाही कळवा. शेतकऱ्यानं परवानगी दिली होती, तर त्याच्या घराचे दोन चांगले फोटो छापून त्याला टपालानं पाठवा.